ढिगाचा तळ कोरडा ठेवा : पेलेटसाठी काडीकचरा साठवणाऱ्या सातारा-सांगलीतील शेतकऱ्यांना उन्हाळी सल्ला

साखर कारखान्यांची धुराडी थंडावली आहेत, हळदीची शिजवण संपत आली आहे, तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाची खरड छाटणी चालू आहे आणि माण, खटाव, जत भागांत तुराट्या बांधावर पडून आहेत. पेलेट आणि ब्रिकेटसाठी, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या आणि विटांसाठी, लागणारा बहुतेक कच्चा माल याच दिवसांत हाती येतो आणि वळीवही याच दिवसांत येतो. त्यामुळे या सल्ल्यातील बाकी सर्व वाचायचे राहिले तरी चालेल, परंतु ज्यांनी विक्रीसाठी ढीग लावला आहे त्यांनी तो आजच जमिनीपासून निदान वीतभर उचलून घ्यावा.

वरची ताडपत्री सर्वांना आठवते, तळ कोणालाच आठवत नाही. वाळवा तालुक्यातील एका शेतकऱ्याने तुराट्या आणि सोयाबीनचे भुसकट मिळून चांगला मोठा ढीग नव्या ताडपत्रीखाली बांधून ठेवला होता. परंतु तो थेट काळ्या रानावर रचलेला होता. दोन वळीव झाले, वरून थेंबही आत गेला नाही आणि खालच्या दोन फुटांत मात्र जमिनीतील ओल चढून पांढरी बुरशी धरली. खरेदीदाराच्या माणसाने ढिगाच्या मध्यावर नव्हे तर बरोबर तळाशी हात घातला, आणि भरलेली ट्रॉली पुन्हा खाली करावी लागली. हा प्रकार मी दरवर्षी कोठे ना कोठे पाहतो. ज्यांचे नुकसान होते ते आळशी नसतात. पाणी आभाळातूनच येते असे ते धरून चालतात, एवढेच.

ओलाव्याला इतके महत्त्व का, हे पेलेट कसा तयार होतो त्यावरून समजेल. कच्चा माल बारीक दळून तो पोलादी डायच्या (छिद्रे असलेल्या साच्याच्या) छिद्रांतून रोलरने दाबला जातो, दाबाने तापतो, आणि लाकडातील लिग्निन नावाचा घटक मऊ होऊन तोच चिकटपणाचे काम करतो. यासाठी मालात सुमारे 10 ते 15 टक्के ओलावा असावा लागतो. त्याहून ओला माल वाफ धरून छिद्रातून फुटून बाहेर येतो आणि फार कोरडा माल डायमध्ये अडकून बसतो. तयार लाकडी पेलेट 6 किंवा 8 मिलिमीटर जाडीचा असतो, त्यात 10 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, आणि एका घनमीटरमध्ये तो 600 किलोपेक्षा जास्त बसतो. सुटे पाचट तेवढ्याच जागेत 100 किलोही भरत नाही. वाहतुकीतील सारा फायदा या घट्टपणात आहे आणि पाणी लागताच तोच आधी जातो. भिजलेला पेलेट फुगतो, सुटतो आणि पुन्हा भुसा होतो.

ओला माल काट्यावर जड भरतो म्हणून तो लवकर विकावा, असा विचार काही जण करतात. 30 टक्के ओलाव्याच्या 10 टन मालात कोरडा माल 7 टनच असतो आणि तोच माल 12 टक्क्यांवर वाळला तर काट्यावर 8 टनांच्या जरा खाली भरतो. खरेदीदाराला हा हिशेब आपल्यापेक्षा चांगला येतो. तो ओल्या मालावर दोन टनांची घट धरतोच, शिवाय वाळवणीचा खर्च म्हणून भावही पाडतो. भाव ठरवतानाच ओलाव्याचा टक्का आणि त्यावरील घट कशी धरायची हे कागदावर लिहून घ्यावे.

ओलावा मोजण्याची अधिकृत रीत अशी आहे की, वजन केलेला नमुना 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि मूळ वजनाशी घटीचे प्रमाण काढावे. शेतावर हे शक्य नसेल तर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर बारीक केलेला माल आणि दोन चमचे कोरडे मीठ घालून झाकण लावावे, बरणी हलवावी आणि पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटले किंवा त्याचे खडे झाले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. नमुना मात्र तळातून घ्यावा. वरच्या थराचा नमुना आपलीच फसवणूक करतो. तुराटी हातात मोडून पाहण्याची जुनी सवयही चांगली आहे. ती कडकन मोडली पाहिजे. वाकून साल सुटत असेल तर अजून आठ दिवस ऊन हवे, असा माझा अंदाज आहे आणि तो क्वचितच चुकला आहे.

ढीग रचण्याची नेहमीची कामे :
– उंचवट्याची जागा, उतार बाहेरच्या बाजूला
– भोवती वीतभर खोल चर, त्याचे तोंड ओढ्याकडे
– खाली दगड किंवा विटा, त्यावर बांबू किंवा जुने वासे
– माती, वाळू, प्लॅस्टिक, तारा, सुतळी वेचून बाजूला
– निरनिराळा माल निरनिराळ्या ढिगात
– माथा उतरता, ताडपत्री दोन्ही बाजूंनी बांधलेली, टोकाला हवेसाठी फट
– विजेच्या तारा आणि गोठ्यापासून दूर

यातील दगड आणि वाशांबद्दल पुन्हा लिहावेसे वाटते, कारण यादीत वाचले की ते काम किरकोळ वाटते. त्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर चालेल का, असे बरेच जण विचारतात. चालत नाही. कागदाखालची ओल अडते हे खरे, पण ढिगातून सुटणारी वाफ आणि बाजूने आत आलेले पाणी त्याच कागदावर साचून राहते आणि तळ आधीपेक्षा लवकर कुजतो. खालून वारा फिरला पाहिजे.

ओला ढीग आतून तापतो, ही दुसरी भीती. लोखंडी पहार ढिगात मध्यापर्यंत खुपसून अर्धा तास ठेवावी आणि काढून हातात धरून पाहावी. धरवत नसेल तर पाण्याची सोय जवळ ठेवून ढीग त्याच दिवशी फोडावा, कारण अशा ढिगाला बाहेरून ठिणगी न लागताही आग लागू शकते. वळीव झाल्यानंतर आठवडाभर ही तपासणी रोज करावी.

कोणता माल विकावा याबद्दल माझे मत व्यापाऱ्यांना आवडणारे नाही. उसाचे पाचट विकू नये. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते आणि त्यात सुमारे 0.5 टक्के नत्र, 0.2 टक्के स्फुरद, पाऊण ते एक टक्का पालाश आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ते खोडव्यात सरीआड किंवा सर्व सऱ्यांत पसरून प्रति टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन शेणकाल्यातून द्यावे आणि पाणी सोडावे. पाचटातील पालाश आणि वाळूसारखी सिलिका बॉयलरमध्ये राखेचे घट्ट खडे करते आणि डाय लवकर झिजवते, म्हणून त्याला भावही लाकडाचा मिळत नाही. जो पाचट पेटवणारच आहे त्याने विकलेले बरे, एवढीच सवलत मी देतो.

विकण्याजोगा माल म्हणजे तुराट्या, जनावरांनी टाकलेले भुसकट, मक्याची बुरकुंडे, वखारीतील लाकडाचा भुसा, बांधावरची वेडी बाभूळ आणि छाटणीच्या द्राक्षकाड्या. काड्या बागेबाहेर गेल्याने पिठ्या ढेकणाचे आश्रयस्थानही कमी होते. बोर्डो मिश्रणाच्या वारंवार फवारण्यांमुळे काड्यांवर तांबे राहते, म्हणून त्यांची राख भाजीपाल्याच्या वाफ्यात टाकू नये. जनावरांच्या तोंडचा चारा या धंद्यात घालू नये. आटपाडी-माणमध्ये मे महिन्यात कडब्याचे मोल काय असते ते सांगायला नको.

“जपानला माल जातो” असे सांगून यंत्रे खपवणारे सध्या गावोगाव फिरत आहेत. लाकडी पेलेटचा जागतिक व्यापार मोठा आहे हे खरे. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतून जहाजे भरून ब्रिटनच्या यॉर्कशायरमधील ड्रॅक्स वीज केंद्राला जातात, व्हिएतनाम आणि कॅनडाचा माल जपान व कोरियाला जातो, आणि इटली, जर्मनी, ऑस्ट्रियात लोक घर उबदार ठेवण्यासाठी पेलेटच्या शेगड्या वापरतात. युक्रेन युद्धानंतर जुलै 2022 पासून युरोपीय संघाने रशियन पेलेट बंद केल्यावर तेथे भाव भडकले होते. पण हा बाजार आयएसओ 17225 या मानकाचा, जंगल प्रमाणपत्राचा आणि हजारो टनांच्या जहाजांचा आहे. त्यातील उत्तम प्रतीच्या पेलेटमध्ये राख 0.7 टक्क्यांच्या आत लागते, जी आपल्या भुसकटाला कधीच जमणार नाही. एन्व्हिवासारखी जगातील सर्वांत मोठी उत्पादक कंपनी मार्च 2024 मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. तेथे कर्ज काढून घेतलेल्या एका छोट्या यंत्राने काय व्हायचे? त्या व्यापारातील एकच गोष्ट आपण उचलावी : जहाजात माल चढवताना पावसाची सर आली की ते चढवणे थांबवतात आणि झाकणे लावतात.

आपला खरा ग्राहक जवळ आहे. कोळशावरील वीज केंद्रांनी कोळशात बायोमास पेलेट मिसळावेत असे केंद्राचे धोरण आहे. 2023 मध्ये 2024-25 साठी 5 टक्के आणि 2025-26 पासून 7 टक्के असे प्रमाण ठरवले गेले होते. तेथे साध्या, म्हणजे न भाजलेल्या, पेलेटला ओलाव्याची मर्यादा 14 टक्के आहे. त्याखेरीज विट्याच्या सूतगिरण्या व सायझिंगचे (सुताला खळ देण्याचे) बॉयलर, दूध संघ, हळद शिजवणारे, खव्याच्या भट्ट्या आणि महामार्गावरील ढाबे आहेत. पुरवठा गटाने करावा, यंत्र गटाने घ्यावे. “बाइंडर पावडर (माल चिकटवणारी भुकटी) घातल्याशिवाय पेलेट बसत नाही” असे विक्रेता म्हणाला तर आधी ओलावा तपासावा. पेलेट सुटत असेल तर दहापैकी आठ वेळा दोष पाण्यात किंवा दळण्यात असतो, पावडरीत नाही.

पेलेट विकत घेऊन वापरणाऱ्यांसाठीही तळाचाच नियम आहे. पोती सिमेंटच्या फरशीवर ठेवू नयेत, कारण पावसाळ्यात फरशीला घाम येतो. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे. ज्यांचे स्वतःचे यंत्र आहे त्यांनी डायमधून निघालेला गरम पेलेट लगेच पोत्यात भरू नये, पूर्ण थंड करूनच शिवावा, नाहीतर त्याचीच वाफ त्याला भिजवते. बंद खोलीत मोठा साठा असेल तर आत जाण्यापूर्वी दार आणि खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी. साठ्यातील पेलेट कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो. 2006 मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेटच्या जहाजावर उतरलेला एक खलाशी त्यामुळे दगावला. कोंबड्यांच्या पिलांना ऊब देण्यासाठी शेगडी लावणाऱ्यांनी धुराडे शेडबाहेर काढल्याशिवाय ती पेटवू नये.

वेळेबाबत : पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी मेच्या मध्यापर्यंत माल काढून टाकावा, कारण तेथे पावसाळ्यात ढीग टिकवणे परवडत नाही. पूर्वेकडील तालुक्यांत रोहिणी निघेपर्यंत थांबता येईल, पण वळीव तेथेही गारांसह येतो. दुपारी चारनंतर पूर्वेला ढग जमले तर माणसे ताडपत्रीच्या टोकाला न पाठवता आधी चराच्या तोंडाशी पाठवावीत आणि ते मोकळे आहे याची खात्री करावी.