वादी कोण, हे आधी पाहा: दावा लावताना या चुका टाळा

खऱ्या माणसाचा दावा 'लोकस नाही', म्हणजे दावा लावायचा हक्कच नाही, म्हणून फेटाळला गेला की मला फार लागतं. अन्याय झालेला असतो, कागद असतात, फक्त दावा भलत्याच माणसाने लावलेला असतो.

मराठवाड्यातल्या तालुका कोर्टांत वर्षानुवर्षं पाहतोय ती चूक म्हणजे जमीन बापाची आणि वादी पोरगा. परभणीकडचं असंच एक प्रकरण माझ्याकडे अपिलात आलं. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत जमीन दाबलेली. खरेदीखत वडिलांच्या, अण्णांच्या नावाचं, सातबाराही त्यांचाच, अण्णा हयात. वडिलोपार्जित जमीन असती तर मुलाला स्वतःचा हक्क सांगता आला असता. ही अण्णांनी घेतलेली. पण "म्हाताऱ्याला कोर्टाची दगदग कशाला" म्हणून मुलगा स्वतःच वादी झाला. अण्णांच्या अंगठ्यासाठी गावाकडे जायचा एक दिवस वाचला. समोरच्याने कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात लिहिलं, जमीन वादीची नाही. मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध नसेल तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 41 प्रमाणे मनाई मिळत नाही. निशाणी 5, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, नामंजूर झाली, चार वर्षांनी दावाही गेला. तोवर शेजाऱ्याने त्या पट्ट्यात विहीर पाडली होती.

चूक प्रामाणिक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 1 रूल 10 खाली वादी बदलता येतो. कैफियत हातात पडली त्याच आठवड्यात तो अर्ज द्यायला हवा होता. आम्हाला अपिलात ऑर्डर 23 खाली परवानगी घेऊन दावा काढावा लागला आणि अण्णांच्या नावाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून पक्षकार समोर बसला की मी आधी विचारतो, जमीन कुणाची? नुसत्या सातबारावर मी थांबत नाही, त्याने मालकी ठरत नाही. खरेदीखत, फेरफार, जुनी जमीन असेल तर खासरा पत्रक (जुनी महसुली नोंद), आणि वारसांची पूर्ण यादी. "साहेब, आजच स्टे पाहिजे" म्हणणाऱ्यालाही मी कागदांसाठी परत पाठवतो. तरुण वकिलांनी जुन्या वादपत्रात नावं बदलून दावे लावणं सोडावं. घात तिथेच होतो.

मुखत्यारपत्राचंही तेच. भाऊ पुण्याला, मुखत्यार गावात, आणि वादी म्हणून नाव मुखत्याराचं! वादी मूळ मालकच, 'मुखत्यारामार्फत' असं लिहा. जे फक्त मालकालाच माहीत आहे त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. मालकाला साक्षीला आणायची तयारी ठेवा.

भागीदारीत दुकान असेल तर फर्मची नोंदणी दाव्याआधी करा. नंतरची चालत नाही. सार्वजनिक उपद्रवाबद्दल गावाच्या वतीने जायचं तर किमान दोघे जण आणि कोर्टाची परवानगी, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 91. वादी वारला तर वारसांना 90 दिवसांत दाव्यात आणा.

आणि वादपत्र ऑर्डर 7 रूल 11 खाली नामंजूर झालं असेल तर योग्य वादीला नवा दावा लावता येतो, पण मुदत त्याच दिवशी मोजा: मालकीवरून ताबा मागायला 12 वर्षं, नुसत्या डिक्लरेशनला (हक्क जाहीर करून मागायला) 3.