मिशनरी पाचारणाबद्दल तरुणाशी कसं बोलावं?

पुनरुत्थान (ईस्टर) काळातला चौथा रविवार कॅथलिक चर्चमध्ये जगभर पाचारणासाठी, म्हणजे फादर, सिस्टर किंवा मिशनरी होण्याच्या देवाच्या हाकेसाठी, प्रार्थनेचा दिवस म्हणून १९६४ पासून पाळला जातो. त्या दिवशी वेदीवरून आवाहन होतं आणि बाकांवरच्या प्रत्येक तरुणाला वाटतं, हे शेजारच्यासाठी चाललंय. म्हणून सूचनेवर विसंबू नका. एकट्याला गाठा आणि नाव घेऊन विचारा.

विचारायचं कोणाला? नुसता भाविक मुलगा पुरेसा नाही. मिशनरीला आपली भाषा, आपलं जेवण, आपली माणसं सोडून परक्यांत राहायचं असतं. तेव्हा परक्यांत मिसळणारा, अंगावर घेतलेलं काम कोणी पाहत नसतानाही पुरं करणारा, चेष्टा झाली तरी न दुखावणारा मुलगा हेरा. नुकताच प्रेमभंग झालेला, घरच्या भांडणाला कंटाळलेला किंवा नोकरी मिळत नाही म्हणून वळलेला असेल, तर नकार देऊ नका, पण वर्षभर थांबवा. सुटका हवी म्हणून आलेला माणूस पहिल्या कठीण नेमणुकीत कोलमडतो.

प्रश्न छोटा ठेवा: 'तुझा हा गुण मला दिसतो. मिशनरी व्हावं असं कधी मनात आलंय का?' एवढं विचारून गप्प बसा. उत्तर तिथल्या तिथे मागू नका. महिन्याभराने एकदा आठवण काढा, त्याने टाळलं तर विषय बंद. जीवनमार्ग निवडताना कोणाचीही जबरदस्ती असू नये, हा चर्चच्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि लाडीगोडी हीसुद्धा जबरदस्तीच. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो गाजावाजाने. 'आमचा भावी फादर' म्हणून धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरातल्या भाविकांत) कौतुक सुरू झालं, की मुलाला लाजेखातर मागे फिरता येत नाही. घरीही त्यानेच सांगायचं, तुम्ही नाही.

होकार आलाच तर लगेच अर्ज भरून घेऊ नका. सहा महिने एक साधा नेम लावून द्या: रोज पंधरा मिनिटं शुभवर्तमान (मार्क आधी, तो सर्वांत छोटा, मग लूकचा दहावा अध्याय, येशूने बहात्तर जणांना पाठवल्याचा), रविवारखेरीज आठवड्यातून एक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), महिन्यातून एकदा पापनिवेदन, आणि स्वतः न निवडलेली एखादी सेवा. त्याला आध्यात्मिक मार्गदर्शक मिळवून द्या, पण तो कोणत्याही संस्थेसाठी मुलं शोधणारा नसावा. भरती करणाऱ्यापुढे मुलगा शंका मोकळेपणी बोलत नाही.

संस्था निवडताना सरसकट 'मिशनरी' म्हणू नका. आर्नल्ड यान्सेन यांनी १८७५ मध्ये नेदरलँड्समधल्या स्टाइल इथे स्थापन केलेली दिव्य शब्द संस्था (एसव्हीडी) किंवा डॅनिएल कोंबोनी यांचे आफ्रिकेसाठी सुरू झालेले कोंबोनी मिशनरी यांत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतात. पॅरिस फॉरिन मिशन्ससारख्या संस्थेत धर्मसंघाची व्रतं नसतात, तरी आयुष्यभराची बांधिलकी असते. शिवाय फादर न होता ब्रदर म्हणूनही मिशनला जाता येतं. हे बऱ्याच मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. दोन-तीन ठिकाणी राहायला पाठवा आणि प्रश्न लिहून द्या: नेमणूक कोण ठरवतं? घरी किती वर्षांनी येता येतं? म्हातारपणी कोण बघतं? अलीकडे किती जण सोडून गेले? शेवटच्या प्रश्नाला बगल देणारी संस्था जपून घ्यावी. पोस्टरवर सूर्यास्त आणि होडी असते. प्रत्यक्षात सुरुवातीचे कित्येक महिने भाषेच्या वर्गात जातात आणि तिथल्या लहान मुलांकडून उच्चार सुधारून घ्यावे लागतात.

वाट किती लांबची आहे, हे आकड्यांत सांगा. नोव्हिशिएटसाठी, म्हणजे व्रतांआधीच्या संस्थेतल्या प्रशिक्षणासाठी, वय किमान १७ पूर्ण हवं. ते किमान १२ महिने चालतं, सहसा दोन वर्षांहून लांबत नाही. त्या बारा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त गैरहजेरी झाली तर ते रद्द ठरतं. पहिली व्रतं १८ पूर्ण झाल्यावर, साधारण तीन ते सहा वर्षांसाठी, आणि कायमची व्रतं २१ नंतर. येशूसंघाची (जेझुइटांची) रीत वेगळी: तिथे दोन वर्षांच्या नोव्हिशिएटनंतरची व्रतं कायमचीच असतात. गुरुदीक्षेसाठी, म्हणजे फादर होण्यासाठी, सर्वसाधारण अट वय २५ पूर्ण.

कागदपत्रं लवकर जमवा: बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार) आणि अविवाहित असल्याचे दाखले. फेडता न येणारं कर्ज असेल तर प्रवेश अडतो, म्हणून शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाची चौकशी आधीच करा. शारीरिक आणि मानसिक आरोग्याबाबत काही लपवू देऊ नका. पुढे उघड झालं की त्रास दोन्ही बाजूंना होतो.

आईवडील जमिनीबद्दल विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पहिल्या व्रतांआधी मुलगा मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवतो, मालकी सहसा राहते. कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं.

नोव्हिशिएटमधून तो कधीही परत येऊ शकतो, तात्पुरत्या व्रतांची मुदत संपल्यावरही. हे आधीच त्याला आणि घरच्यांना एकत्र बसवून सांगा. आलाच परत, तर कारण विचारत बसू नका. शिक्षण कुठे अडलं आणि नोकरीचं काय, ते आधी पाहा.