एचआरमधलं पहिलं वर्ष: पगारपत्रक, पीएफ आणि आरोपपत्र

चाकण असो, अंबड असो की वाळूज. एमआयडीसीतल्या शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यात 'एचआर' म्हणून रुजू झालेल्याच्या हाती पहिल्या आठवड्यात मुलाखतींची यादी येत नाही. येतं ते मस्टर (हजेरीपट), पगाराची एक्सेल आणि पीएफ पोर्टलचा पासवर्ड. हिरमुसू नका. एमबीए करून आलात, एमएसडब्ल्यू करून की लेबर लॉचा डिप्लोमा करून, या धंद्याची धुळाक्षरं याच तीन गोष्टींत गिरवायची असतात.

सुरुवात एका पगारचिठ्ठीपासून करा. समजा ऑपरेटरचा एकूण पगार २०,००० रुपये: बेसिक ८,०००, घरभाडे भत्ता ५,०००, प्रवास भत्ता ३,०००, स्पेशल अलाउन्स ४,०००. अनेक जुन्या एक्सेलमध्ये पीएफ फक्त ८,००० वर, म्हणजे १२ टक्क्यांनी ९६० रुपये कापलेला दिसेल. ते चूक आहे. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफच्या हिशेबात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात परत येते. इथे घरभाडं आणि प्रवास मिळून ८,०००, म्हणजे निम्म्याच्या आत. म्हणून वेतन १२,००० आणि कामगाराची कपात १,४४०. मालकाचेही १,४४०, त्यातले १,००० पेन्शन खात्यात आणि ४४० पीएफमध्ये. 'भत्त्यांत फोड करून पीएफ वाचवू' असं सांगणारा सल्लागार पुढच्या तपासणीच्या वेळी फोन उचलेलच असं नाही.

पेन्शनबाबत एक चूक वारंवार होते. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि वेतन १५,००० च्या वर असलेल्या माणसाचा पेन्शनचा हिस्सा भरायचा नसतो; मालकाचे पूर्ण बारा टक्के पीएफमध्येच जातात. सॉफ्टवेअर मात्र डोळे झाकून १,२५० रुपये पेन्शनकडे वळवतं, आणि ते कळतं माणूस नोकरी सोडून पैसे काढायला जातो तेव्हा. म्हणून रुजू होतानाच पीएफचं घोषणापत्र, म्हणजे फॉर्म ११, नीट भरून घ्या. आधी सदस्य होता का, जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) कोणता, हे तोंडी विचारून भागत नाही.

नाव आधारवरून अक्षर न् अक्षर उतरवा. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावापासून सुरू होतं, आधारवर मधल्या नावासकट असतं आणि बँकेत मधलं नाव गायब असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची तर तीन कागदांवर तीन नावं. ज्या दिवशी रुजू झाले त्याच दिवशी हे जुळवायला दहा मिनिटं लागतात. तीन वर्षांनी जॉइंट डिक्लरेशनचे, म्हणजे दुरुस्तीसाठी मालक-कामगारांच्या संयुक्त अर्जाचे, हेलपाटे पडतात.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला: कामगार ०.७५ टक्के, मालक ३.२५ टक्के. ऑगस्टमध्ये पगारवाढ होऊन कुणी २१,००० च्या पुढे गेला की नवखा माणूस त्याच महिन्यात कपात थांबवतो. तसं करायचं नाही. योगदानाचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. चालू कालखंड संपेपर्यंत कपात सुरूच, तीही वाढलेल्या वेतनावर. मध्येच थांबवलीत आणि नेमका तेव्हा तो आजारी पडला, तर दवाखान्यातला गोंधळ तुमच्या नावावर.

व्यवसाय कर: १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिना २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत काहीच नाही; हा बदल एप्रिल २०२३ चा, तरी जुन्या एक्सेलमध्ये बायकांचे दोनशे अजून कापले जातात. तारखा दोनच पाठ करा: सात तारखेच्या आत पगार, पंधरा तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआय. पीएफ चुकला तर वर्षाला १२ टक्के व्याज, शिवाय वेगळा दंड.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा 'पुढच्या महिन्याच्या पगारासोबत हिशेब देऊ' ही जुनी सवय मोडा. आता वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणाऱ्या एकरकमी रकमेला, ३० दिवस. वेतन १२,००० आणि नोकरी ६ वर्षं ७ महिने असेल तर सात वर्षं धरायची: १२,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७. येतात ४८,४६२. तीसने भागलंत तर ४२,०००, म्हणजे साडेसहा हजारांनी त्याला बुडवलंत.

आता आरोपपत्र, म्हणजे कामगाराला त्याचं गैरवर्तन लेखी कळवणारं कंपनीचं पत्र. ज्या केसेस हातच्या जातात, त्यांतल्या बऱ्याच इथेच जातात. 'तुमची वर्तणूक उद्धट व बेशिस्त आहे' हे आरोपपत्र नव्हे, ती नुसती तक्रार झाली. असं लिहा: 'दि. १२ रोजी दुसऱ्या पाळीत रात्री ९.४० वाजता प्रेस शॉपमध्ये सुपरवायझरने मशीन क्र. ४ वर जाण्यास सांगितले असता आपण नकार दिला व पुढील शब्द वापरले…' शब्द जसेच्या तसे, शिवी असली तरी. कामगाराला कळणाऱ्या भाषेत. तो बिहारचा असेल तर हिंदीत. खुलाशाला वेळ द्या. ज्याने तक्रार केली त्यालाच चौकशी अधिकारी नेमू नका, आणि साक्षीदारांची उलटतपासणी कामगाराला करू द्या. शिक्षेचं पत्र आधीच टाइप करून ठेवलेली चौकशी वाचताक्षणी ओळखू येते. चौकशीआधी निलंबित केलंत तर पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यायचं. हे विसरलं की बाकी सगळं नेटकं असूनही चौकशीत खोट निघते.

न कळवता महिनाभर गायब असलेल्याचं नाव मस्टरवरून परस्पर खोडायचं नाही. नुसतं नाव काढणं ही कामगारकपातच ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटलं आहे. घरच्या पत्त्यावर हजर होण्याचं पत्र पाठवा, मग दुसरं, मग आरोपपत्र. स्पीड पोस्टने, पोचपावती मागून. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, पण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर थांबू नका. 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन पाकीट परत आलं तर ते फोडू नका. मागच्या बाजूला मिळाल्याची तारीख टाका आणि बंदच फाइलला लावा; न्यायालयात ते तसंच दाखवायचं असतं.

आणि कपाटात कामगारांचे सही केलेले कोरे राजीनामे सापडले, तर त्यांवर तारीख घालायचं काम कुणीही सांगितलं तरी करू नका. त्या सहीखालचं हस्ताक्षर तुमचं असेल, आणि उलटतपासणीला पिंजऱ्यात तुम्हालाच उभं केलं जाईल.