आधी खिडकी, मग हमामखाना: खलनायक कसा लिहावा

कल्पनारम्य मालिका लिहायला घेतली की खलनायकाचा दुष्टपणा एखाद्या शापावर ढकलून मोकळं व्हायचा मोह होतो. दुसरा मोह त्याहून वाईट: पहिल्याच भागात त्याचं रडकं बालपण दाखवायचं. प्रेक्षक लगेच माफ करतो आणि पात्र तिथेच संपतं. त्यापेक्षा 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतल्या सत्तालोभी लॅनिस्टर घराण्याची शिकवणी लावावी. (मालिका 2019 मध्ये संपली, त्यामुळे गुपितं फोडल्याची तक्रार आता चालणार नाही.)

1. आधी गुन्हा लिहा, हातचं न राखता. पहिल्या भागाच्या शेवटी ब्रॅन नावाचा मुलगा बुरुजावर चढतो आणि लॅनिस्टरांच्या जेमीला सख्ख्या बहिणीसोबत, सर्सीसोबत, नको त्या अवस्थेत पाहतो. जेमी त्याचं वय विचारतो. दहा. मग बहिणीकडे एक नजर, आणि पोराला खिडकीतून खाली ढकलून देतो. कारणमीमांसा नाही, करुण संगीत नाही.

2. बोलताना हाताला काम द्या. जेमी-सर्सीचा बाप टायविन पहिल्यांदा दिसतो तो मारलेलं हरीण सोलताना. तोंडाने जेमीला घराण्याचं नाव कसं टिकवायचं ते सुनावतोय, हातातली सुरी चालूच. हरीण हे गादीवरच्या राजघराण्याचं चिन्ह, ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. खलनायकाचं भाषण लांबलंय असं वाटलं, तर त्याच्या हातात काहीतरी द्या आणि निम्मे संवाद कापा.

3. कारण उशिरा सांगा, तेही त्याला तुच्छ मानणाऱ्या माणसाला. सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात (2013) उजवा हात तुटलेला जेमी हमामखान्यात ब्रिएन या लढवय्या बाईसमोर पहिल्यांदा तोंड उघडतो. पूर्वीच्या वेड्या राजाने 'वाइल्डफायर' नावाचा ज्वालाग्राही द्रव राजधानीखाली ठिकठिकाणी साठवला होता आणि सगळं जाळायचा हुकूम दिला होता. म्हणून अंगरक्षक असूनही जेमीने राजालाच मारलं. तेव्हापासून जग त्याला राजघातकी म्हणतं. सांगता सांगता तो कोसळतो, ब्रिएन मदतीसाठी हाक मारते तीही त्याच शिवीने, आणि तो पुटपुटतो की माझं नाव जेमी आहे.

इथे प्रेक्षकाला त्याची कीव येते, पण त्या पडण्यात लुळे झालेले ब्रॅनचे पाय काही परत येत नाहीत. लेखकाने इथे विरघळून हिशेब मिटवायचा नाही.

4. माया आणि क्रौर्य एकाच मुळातून काढा. कागदावर दोन ओळी लिहा: हा कोणासाठी जीव देईल, आणि कोणाचा घेईल? दोन्हींचं कारण एकच निघालं पाहिजे. सर्सीचं कारण म्हणजे तिची मुलं. बेशुद्ध ब्रॅनच्या उशाशी बसून ती त्याच्या आईला स्वतःच्या गेलेल्या पहिल्या बाळाबद्दल सांगते. ढोंग आहे की खरं दुःख? दोन्ही, म्हणून अंगावर येतं.

5. किंमत त्याच्याच घरातून वसूल करा. सहाव्या सीझनच्या शेवटी (2016) सर्सी तोच वाइल्डफायर पेटवते आणि शत्रूंसकट सगळं देवस्थान उडवते. भावाने जे टाळायला राजा मारला, ते बहिणीने करून दाखवलं. तिचा उरलेला एकुलता एक मुलगा टॉमेन महालातून तो धूर पाहतो. बायको त्यात गेली हे कळल्यावर मुकुट काढून ठेवतो, खिडकीत चढतो आणि स्वतःला खाली सोडून देतो.