टॉर्क गुणांक काढताना रेफरन्स व्हॅल्यूच्या या चुका टाळा

पवनचक्कीच्या सिम्युलेशनमध्ये पॉवर गुणांक (वाऱ्यातल्या शक्तीपैकी रोटरने घेतलेला वाटा) १२ आला तर चूक लगेच डोळ्यांत भरते. खरा धोका ०.१९ सारख्या साळसूद आकड्याचा. तो खपून जातो, आणि आपण आठवडाभर मेश (गणनेची जाळी) बारीक करत बसतो. दोष मात्र रेफरन्स व्हॅल्यूच्या, म्हणजे गुणांक काढण्यासाठी सॉफ्टवेअरला दिलेल्या वेग, लांबी, क्षेत्रफळ आणि घनतेच्या चौकटीत असतो.

एक गोष्ट आधी पक्की करा. या व्हॅल्यू बदलल्याने प्रवाहातला दाब, वेग किंवा टॉर्क (रोटर फिरवणारा जोर) बदलत नाही. मिळालेल्या टॉर्कला कशाने भागायचे, एवढेच त्या ठरवतात. त्यामुळे त्या चुकल्या म्हणून केस पुन्हा चालवू नका. न्यूटन-मीटरमधला टॉर्क जपून ठेवला असेल तर गुणांक कधीही नव्याने काढता येतो.

टॉर्क गुणांकाचा भाजक असा: ०.५ × घनता × क्षेत्रफळ × वाऱ्याच्या वेगाचा वर्ग × त्रिज्या.

उभ्या अक्षाचा एक रोटर घेऊ. त्रिज्या ०.५ मीटर, वारा ८ मीटर प्रति सेकंद, घनता १.२२५, केस द्विमितीय. क्षेत्रफळ म्हणजे व्यास × उंची. द्विमितीय केसमध्ये उंची १ मीटर धरतात, म्हणून ते १ चौरस मीटर. भाजक येतो १९.६ न्यूटन-मीटर. सरासरी टॉर्क २.९४ असेल तर टॉर्क गुणांक ०.१५. टिप स्पीड रेशो (पात्याच्या टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) २.५ असेल तर पॉवर गुणांक दोन्हींचा गुणाकार, ०.३७५.

आता हीच केस बिघडवून पाहू.

फ्लुएंट या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये काहीच भरले नाही तर वेग, लांबी (सूत्रातल्या त्रिज्येची जागा), क्षेत्रफळ सगळे १ राहते. टॉर्क गुणांक ४.८ आणि पॉवर गुणांक १२ येतो. ही चूक निदान लपत नाही. ‘कम्प्युट फ्रॉम’मध्ये इनलेट (वारा आत येतो ती सीमा) निवडला की वेग आणि घनता बरोबर येतात, आणि आपल्याला वाटते काम झाले. पण लांबी आणि क्षेत्रफळ आपोआप भरले जात नाही. इथे लांबी ०.५ ऐवजी १ राहिली की टॉर्क गुणांक ०.०७५ आणि पॉवर गुणांक ०.१९. सुरुवातीला सांगितलेला साळसूद आकडा तो हाच. लांबी म्हणून व्यास भरणाऱ्यांनाही नेमका हाच मिळतो.

एअरफॉइलच्या (पंखाच्या छेदाच्या) सवयीने लांबीत कॉर्ड, म्हणजे पात्याची रुंदी, भरली जाते. कॉर्ड ०.१ मीटर असेल तर पॉवर गुणांक १.८७५ होतो. हे अशक्य आहे: मुक्त प्रवाहात पॉवर गुणांकाची कमाल, म्हणजे बेट्झची मर्यादा, १६/२७, सुमारे ०.५९३ आहे. वेगाच्या जागी टिपचा वेग भरला तर उलट होते: २० चा वर्ग ८ च्या वर्गाच्या ६.२५ पट, म्हणून गुणांक तेवढाच खाली येतो. पवनचक्कीसाठी इथे दूरवरच्या अबाधित वाऱ्याचाच वेग हवा.

क्षेत्रफळात लोक सर्वाधिक फसतात. पात्यांचा पृष्ठभाग इथे चालत नाही, रोटरने व्यापलेले क्षेत्र लागते. आडव्या अक्षासाठी ते पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. प्रत्यक्ष यंत्राची उंची १.५ मीटर आहे म्हणून द्विमितीय केसमध्ये तीच भरू नका, कारण टॉर्क १ मीटर खोलीचाच आहे. तीन पात्यांपैकी एकाचेच १२० अंशांचे पिरिऑडिक डोमेन (बाकीचे भाग तसेच धरून सोडवलेला एक तुकडा) चालवले असेल तर टॉर्कला ३ ने गुणा किंवा क्षेत्रफळाला ३ ने भागा. दोन्ही एकदम केले तर उत्तर तिप्पट होईल. सिमेट्री लावून अर्धी उंची घेतली असेल तर क्षेत्रफळही निम्मे.

ओपनफोम या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या असंकोची (घनता स्थिर धरणाऱ्या) सॉल्व्हरमध्ये दाब घनतेने भागलेला असतो, त्यामुळे घनता वेगळी द्यावी लागते. मी तिथे सरळ टॉर्कच काढून घेतो आणि भागाकार स्वतः करतो. मोमेंट सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती टॉर्क मोजला जातो तो, मात्र नीट तपासा. रोटरचा अक्ष मूळबिंदूतून जात नसेल आणि सेंटर शून्यावरच राहिले, तर वाऱ्याच्या ढकलण्याचा मोमेंटही टॉर्कमध्ये मिसळतो. अक्षाची दिशा उलटी असेल तर चिन्ह उलटे येते.

शेवटी कागदावर एक पडताळणी करा, आणि ती सरासरी टॉर्कवरच. फेरीतल्या एका क्षणाचा गुणांक बेट्झशी ताडू नका. वरच्या रोटरचा कोनीय वेग ४० रेडियन प्रति सेकंद. २.९४ × ४० = ११७.६ वॅट. वाऱ्यातली शक्ती ०.५ × १.२२५ × १ × ५१२ = ३१३.६ वॅट. भागाकार ०.३७५. सॉफ्टवेअरचा आकडा याच्याशी जुळत नसेल तर रेफरन्स व्हॅल्यू पुन्हा उघडा. जुळूनही उत्तर प्रयोगापेक्षा जास्त वाटत असेल तर बाजूच्या भिंती किती जवळ आहेत आणि सरासरी घेण्याआधी किती फेऱ्या सोडल्या ते पाहा.