घरात डंख मारणारा अनोळखी कीटक सापडला तर: फवारण्याआधी ओळखा

पावसाळा सरत आला आणि काढणीचा माल घरात येऊ लागला की रात्री दिव्याभोवती, कोठीजवळ, खिडकीच्या चौकटीत वेगवेगळे कीटक दिसू लागतात. त्यातला एखादा बारीक कमरेचा, टोकदार पोटाचा असला की हात लगेच फवाऱ्याकडे जातो. थोडे थांबा. घरात शिरलेला असा कीटक पुष्कळदा दुसऱ्या किडीच्या मागावर आलेला असतो. तो कोण हे कळले, तर मूळ कीड कुठे आहे तेही कळते.

हाताने पकडू नका. वरून काचेचा पेला ठेवा, खालून जाड कागद सरकवा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून वरून व बाजूने फोटो घ्या.

आधी पंख पाहा. दोनच पंख, मोठे डोळे आणि आखूड मिशा असतील तर ती माशी आहे. पिवळे-काळे पट्टे असलेली सिरफिड माशी हुबेहूब गांधीलमाशीसारखी दिसते, पण तिला नांगी नसते आणि तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या पिकावरचा मावा खातात. चार पंख आणि अंगावर दाट लव असेल तर बहुधा मधमाशी. अंग गुळगुळीत, कंबर बारीक असेल तर गांधीलमाशीच्या गोतावळ्यातले कोणी. मागे लांब दोऱ्यासारखी शेपटी दिसली तर घाबरू नका, ते अंडी घालायचे अंग असते.

भिंतीवर चिखलाचे घरटे असेल तर ती कुंभारीण माशी. ती एकटी राहते, घरट्यात पिलांसाठी लुळ्या केलेल्या अळ्या किंवा कोळी भरते आणि सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. कागदासारख्या पोळ्यातल्या गांधीलमाश्या मात्र पोळ्याच्या रक्षणासाठी एकत्र तुटून पडतात. त्याही पिकावरच्या अळ्या मारतात, म्हणून पोळे येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असेल तर राहू द्यावे. दारावर, गोठ्यात किंवा मुले खेळतात तिथे असेल तर जाणकाराकडून काढून घ्यावे. पेटता बोळा किंवा रॉकेल वापरू नये, घराला आग लागू शकते.

सर्वांत जास्त फसवतो तो मुंगीसारखा दिसणारा, काही मिलिमीटर लांबीचा, तपकिरी-काळा, बहुधा बिनपंखी कीटक. अंथरुणात किंवा कपड्यांत तो डंखतो, अंगावर खाजणाऱ्या गांधी उठतात आणि घरचे लोक ढेकूण शोधत बसतात. हा बेथिलिड कुळातला परजीवी कीटक. त्याची मादी लाकूड पोखरणाऱ्या किंवा साठवलेल्या धान्यातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर अंडी घालते. अंथरुणावर कितीही औषध मारले तरी तो पुन्हा येतो, कारण त्याचे खाद्य दुसरीकडेच असते. खाटेच्या, कपाटाच्या लाकडाला बारीक भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसतो का ते पाहा. कोठीतले धान्य चाळा, कीड दिसली तर नीट वाळवून हवाबंद साठवा. पोखरलेले लाकूड घराबाहेर काढा. भुंगेरे संपले की हा डंखही थांबतो. धान्यावर किंवा झोपण्याच्या जागी शेतातले कीटकनाशक कधीही मारू नका.

नारिंगी-काळा, सडपातळ, दिव्यावर येणारा पिडेरस भुंगेरा वेगळा. तो डंख मारत नाही, पण अंगावर चिरडला तर साधारण दिवसभरात त्वचा भाजल्यासारखी होते. त्याला फुंकर मारून उडवा, जागा साबणाने धुवा.

मधमाशीची नांगी त्वचेत अडकून राहते. ती नखाने, जशी निघेल तशी, ताबडतोब काढा, कारण उशीर केला तर विष आत जात राहते. मग साबण-पाण्याने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवा. ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, धाप लागणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले, डंख तोंडात बसला किंवा एकाच वेळी अनेक डंख झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा. कीटकाचा फोटो असेल तर डॉक्टरांना दाखवा, पण तो काढण्यासाठी निघायला उशीर करू नका.