मॅप एपीआयचा कोटा एसक्यूएलने कसा तपासायचा: नागपुरात नवीन जॉइन होणाऱ्यांसाठी

नागपुरात जीआयएस किंवा डेटाच्या कामात येणारी पोरं-पोरी बहुतेक क्यूजीआयएस शिकून येतात, थोडं पायथन, थोडं एसक्यूएल, आणि एपीआय की (मॅप सेवेला कोडमधून विचारायला मिळणारा ओळखीचा कोड) टाकून नकाशावर पिन दाखवणं जमत असतं. चांगलंच आहे ते. पण कामावर सुरुवातीलाच जो प्रश्न येतो तो असतो "कोटा किती उरला?", म्हणजे ठरलेल्या मर्यादेत अजून किती कॉल करता येतील, आणि ह्याचं नीट उत्तर देणारा माणूस टीमला लगेच हवाहवासा होतो. मी वर्धा रोडवरच्या एका छोट्या कंपनीत डिलिव्हरीच्या रूटिंगचं काम करतो, पत्ता घ्यायचा, त्याचं लॅट-लाँग काढायचं, कुठली गाडी कुठून जाईल ते ठरवायचं, आणि ह्यातली प्रत्येक पायरी कुठल्या तरी ऑनलाइन सेवेला कॉल करते, म्हणजे सतत मीटर पडत असतं.

"गूगलच्या कन्सोलमध्ये ग्राफ दिसतो ना, मग क्वेरी कशाला?" हे सगळेच विचारतात. ग्राफ एकूण आकडा सांगतो, पण कुठल्या क्लायंटसाठी किती गेले, रात्रीचा कुठला जॉब तेच तेच पत्ते विचारत बसला, हे त्यात सापडत नाही. म्हणून प्रत्येक कॉलची एक ओळ आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये गेलीच पाहिजे. कॉलम फार नकोत: वेळ, सेवा, एसकेयू (बिलात वेगळी मोजली जाणारी बाब), युनिट (बिलासाठी किती मोजलं), एचटीटीपी कोड (सर्व्हरने दिलेला उत्तराचा क्रमांक), उत्तरातला स्टेटस, क्लायंट, आणि कुठल्या कीने कॉल गेला त्या कीचं टोपणनाव. अख्खी की टेबलात टाकू नका, लॉग दहा जणांच्या हातात जातो.

आता युनिट हा कॉलम. नवीन माणूस काउंट स्टार मारतो, म्हणजे नुसत्या ओळी मोजतो आणि मोकळा होतो, आणि बिल बघून सगळे चक्रावतात. गूगलचं डिस्टन्स मॅट्रिक्स, म्हणजे बऱ्याच ठिकाणांमधलं अंतर आणि वेळ एकदम देणारी सेवा घ्या (ते आता लेगसीत, म्हणजे जुन्या सेवांत गेलंय, त्याच्या जागी कम्प्यूट रूट मॅट्रिक्स आहे), दोन्हीकडे पैसे रिक्वेस्टवर नाही तर एलिमेंटवर लागतात, म्हणजे सुरुवातीचे पॉइंट गुणिले पोचायचे पॉइंट. कळमन्याला 4 गाड्या उभ्या आहेत आणि बेसा, मनीष नगर, मानेवाडा मिळून 25 पत्ते आहेत, तर टेबलात ओळ 1 पण युनिट 100. मार्च 2025 पासून भारतातल्या बिलिंगला एसेन्शियल्स प्रकारच्या प्रत्येक एसकेयूला महिन्याला 70,000 युनिट फुकट आहेत, प्रोला 35,000, एंटरप्राइजला 7,000. म्हणजे वरच्यासारख्या 700 रिक्वेस्ट झाल्या की एसेन्शियल्सची फुकटची मर्यादा संपली, आणि ट्रॅफिक धरून वेळ मागितली की तुम्ही प्रोमध्ये जाता, तिथे निम्म्यातच संपते. उलट ब्राउझरमधला नकाशा एकदा लोड झाला की झूम करा, सरकवा, त्याचं वेगळं मोजत नाहीत. तेव्हा क्वेरीत सम ऑफ युनिट, ग्रुप बाय एसकेयू. मर्यादांचे आकडे कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या टेबलात 'कधीपासून लागू' ह्या तारखेसकट ठेवा आणि जॉइन करा, कारण दर बदलतात.

दुसरी गोष्ट, दिवस कोणाच्या घड्याळाचा. आमच्याकडे नवीन आलेल्या एकाने हेच विचारलं होतं, "भाऊ, सकाळपासून लिमिट लिमिट ओरडून राहिलं आणि आता जेवून आलो तर आपोआप सुरू होऊन राहिलं, असं कसं?" गूगलचा रोजचा कोटा पॅसिफिक टाइमच्या मध्यरात्री रिसेट होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी 12:30, हिवाळ्यात 1:30. महिनाही त्याच घड्याळाने बदलतो. त्यामुळे नुसतं डेट लावून ग्रुप केलं तर तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा कधीच जुळणार नाही. वेळेच्या कॉलमवर अॅट टाइम झोन अमेरिका/लॉस एंजेलिस लावा आणि मग डेट ट्रंक करा, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक पोस्टग्रेस स्वतः सांभाळतो. फक्त त्याआधी कॉलम टाइमस्टॅम्पटीझेड (टाइम झोन धरणारा प्रकार) आहे ना ते बघा, साध्या टाइमस्टॅम्पवर हेच अॅट टाइम झोन उलट्या दिशेने चालतं. आणि वेअरमध्ये कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नका, महिन्याची सुरुवात आधी काढून घ्या आणि 'वेळ त्यापेक्षा मोठी किंवा तितकीच' असं लिहा, म्हणजे इंडेक्स वापरला जातो, टेबल मोठं झालं की हा फरक लगेच जाणवतो.

स्टेटसचे दोन कॉलम का, तर जिओकोडिंगचं (पत्त्यावरून लॅट-लाँग काढणं) उत्तर कोड 200 ने, म्हणजे 'ठीक' म्हणून येतं आणि आत ओव्हर क्वेरी लिमिट लिहिलेलं असतं, नुसता कोड बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. झिरो रिझल्ट्स आलं तरी ते मोजलं जातं, पत्ता सापडला नाही म्हणून सूट नाही.

माझी सगळ्यात आवडती क्वेरी मात्र डुप्लिकेटची आहे. एकच दुकान एका ऑर्डरमध्ये 'सीताबर्डी मेन रोड', दुसरीत 'सिताबर्डी, मेन रोड', तिसरीत नुसतं 'बर्डी मेन रोड', आणि आपण तिन्ही वेळा कॉल करतो. आधी स्वल्पविराम आणि जास्तीच्या स्पेस काढा, बर्डीसारख्या नावांचं एक छोटं बदली-टेबल करा, मग ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट 1 पेक्षा जास्त, आणि बघा किती कॉल उगाच गेलेत ते. उत्तर साठवताना नियम मात्र वाचा: गूगलचा प्लेस आयडी (त्या जागेचा ओळखीचा कोड) कायम ठेवता येतो, लॅट-लाँग सलग 30 दिवसांपर्यंतच.

शिकताना गूगलच पाहिजे असं नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक नॉमिनॅटिमवर (त्यांची जिओकोडिंगची सेवा) सेकंदाला जास्तीत जास्त 1 रिक्वेस्ट चालते, तीही तुमच्या अॅपच्या सगळ्या युजर्सची मिळून, आणि युजर एजंटमध्ये अॅपची ओळख द्यावी लागते. ती सेवा देणगी आणि स्वयंसेवकांवर चालते, तिथे नियम पाळायलाच हवेत. ओव्हरपासमध्ये (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा क्वेरीने काढायची सेवा) स्लॉट आयपीप्रमाणे मिळतात, त्यामुळे ऑफिसचं वायफाय सगळ्यांचं एकच असेल तर शेजारच्याच्या क्वेरीमुळे तुम्हाला 429 (खूप रिक्वेस्ट झाल्या) हा एरर येऊ शकतो, त्याचं स्टेटस पान उघडलं की किती स्लॉट मोकळे ते दिसतं. मोठं काही करायचं असेल तर जिओफॅब्रिकवरून (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा डाउनलोडला ठेवणारी साइट) भारताच्या वेस्टर्न झोनची फाइल घ्या, महाराष्ट्र त्यातच आहे, ओएसएमटूपीजीएसक्यूएल ह्या टूलने पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेसला नकाशाचा डेटा हाताळता येतो ते एक्स्टेन्शन) भरा आणि हव्या तितक्या क्वेरी मारा, तिथे कोटा नाहीच.

इंटरव्ह्यूला जाताना हे सगळं लॅपटॉपवर छोट्या प्रमाणात करून न्या, हजारभर कॉलचा लॉग आणि वरच्या क्वेरी पुरतात. आम्ही उमेदवाराला हमखास विचारतो की मिनिटाचा पीक कसा काढशील, कारण जिओकोडिंगला मिनिटाला 3,000 ची मर्यादा वेगळी असते आणि महिन्याचा कोटा भरपूर शिल्लक असतानाही तिथे अडकायला होतं. डेट ट्रंक मिनिटावर, सम, उतरत्या क्रमाने लावून वरच्या दहा ओळी, एवढं लिहून दाखवलं तरी बोलणं पुढे सरकतं.